पोरगं फुटबॉल छान खेळतं, पुढे काय? वाटा आणि खर्च याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी नऊ ते सोळा वयाच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. सराव संपतो, बॉल जाळीत भरून होतात, आणि कुणाची तरी आई किंवा वडील मागे थांबलेले असतात. आधी बुटांबद्दल काहीतरी विचारतात. मग खरा प्रश्न येतो: "सर, याच्यात काही आहे का? आणि असेल तर आम्हाला झेपेल का?"

खालच्या सगळ्या उत्तरांत एकच गोष्ट फिरून फिरून येणार आहे, म्हणून ती आधीच सांगतो. मूल जसजसं खरोखर वर चढतं तसतसा घरचा खर्च कमी व्हायला हवा, कारण त्याच्यावर पैसा लावायला क्लब पुढे येतो. दरवर्षी तुमचंच बिल फुगत असेल आणि समोरचा माणूस स्वतःच्या खिशातून काहीच घालत नसेल, तर मुलाची प्रगती नेमकी कोण मोजतंय, हे विचारायची वेळ झाली आहे.

मुलात खरंच गुण आहेत, हे कशावरून ओळखायचं?

गोल किती मारले यावरून तरी नाही. दहा-अकरा वर्षांच्या गटात जो मुलगा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच असतो, तो मधल्या रेषेवरून बॉल पुढे ढकलतो, सगळ्यांना मागे टाकतो आणि गोल करतो. टाळ्या पडतात. तीन वर्षांनी बाकीचे त्याच्या उंचीला पोचतात, तेव्हा त्याला दुसरं काही येत नसतं.

मी बघतो ते वेगळं. बॉल अजून वाटेत आहे, तेवढ्यात ते मूल मान वळवून खांद्यावरून मागे बघतं का? नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी व्यावसायिक खेळाडूंची ही सवय वर्षानुवर्षं मोजली. बॉल येण्याआधी जो जास्त वेळा नजर फिरवतो, त्याचा पुढचा पास बहुधा चांगला जातो. माझ्याकडे एकदा नऊ वर्षांची मुलगी आली, अंगाने काडी. तिच्याकडे बॉल सरकवला तर तो पायाशी येईपर्यंत तिने दोनदा मागे पाहिलं आणि पहिल्याच स्पर्शात मोकळ्या बाजूला वळली. हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "दादा मागून येऊन पाय मारतो ना."

आणखी दोन खुणा आहेत. बॉल हातचा गेल्यावर पुढचे तीन सेकंद मूल काय करतं? आणि कुणी सांगितलेलं नसताना, न जमणाऱ्या पायाने ते भिंतीवर बॉल मारत बसतं का? या दुसऱ्या खुणेवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे.

सुरुवात कधी करावी? लवकर केली तर फायदा होतो ना?

पाच-सहाव्या वर्षी खेळ म्हणून, मनसोक्त. फक्त फुटबॉल, तोही वर्षाचे बारा महिने, असं बारा वर्षांच्या आत करू नये. जर्मनीच्या बुंडेसलीगातल्या, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या लीगमधल्या, खेळाडूंच्या बालपणाचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की राष्ट्रीय संघापर्यंत गेलेल्यांनी लहानपणी मोकळा, कोचशिवायचा फुटबॉल भरपूर खेळला होता, दुसरे खेळही खेळले होते, आणि फक्त फुटबॉल असं त्यांनी तुलनेने उशिरा ठरवलं. नॉर्वेने १९८७ मध्येच मुलांच्या खेळातल्या हक्कांचे नियम केले. त्यानुसार अकरा वर्षांखाली गुणतक्ते नाहीत आणि तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. याच व्यवस्थेतून मार्टिन ओडेगार्ड आणि एर्लिंग हालांड हे नामवंत खेळाडू आले.

गल्लीत, अंगणात, गच्चीवर खेळलेल्या फुटबॉलला एक पैसा लागत नाही, आणि तो कोणत्याही कॅम्पपेक्षा कमी प्रतीचा नाही.

वर जायच्या वाटा तरी किती आहेत?

जगभर पाहिलं तर ढोबळमानाने पाच.

पहिली वाट म्हणजे व्यावसायिक क्लबची स्वतःची अकादमी. आयाक्स, बार्सेलोनाची ला मासिया आणि मँचेस्टर युनायटेड ही सगळ्यांना ठाऊक असलेली नावं. १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत त्यांच्या अकादमीतला निदान एक तरी खेळाडू असतो. २०१० च्या बॅलन डी'ओर या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे पहिले तिघेही, म्हणजे मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, ला मासियातलेच. इंग्लंडमध्ये नऊ वर्षांखालच्या गटापासून मुलांची नोंदणी होते, सोळाव्या वर्षी ठरावीकांना दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते आणि त्यातल्या काहींना पुढे व्यावसायिक करार मिळतो. प्रत्येक टप्प्यावर गाळणी असते. ती कठोर असते, पण कुटुंबाकडून फी मागत नाही.

दुसरी वाट फुटबॉल महासंघाच्या केंद्रांची. फ्रान्सचं क्लेअरफाँतेन १९८८ मध्ये सुरू झालं. मुलं आठवडाभर तिथे राहून शिकतात आणि शनिवार-रविवारी आपापल्या क्लबकडून खेळतात. फ्रान्सचे नामवंत खेळाडू ऑन्री आणि एम्बापे तिथूनच गेले. जर्मनी २००० सालच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत एक गोल आणि एक गुण घेऊन गटात तळाला राहिली. त्यानंतर वरच्या दोन्ही विभागांतल्या क्लबांना अकादमी सक्तीची झाली आणि देशभर शेकडो प्रशिक्षण केंद्रं उघडली. तिथे स्थानिक क्लबची गुणी मुलं आठवड्यातून एकदा जास्तीचा सराव करतात. २०१४ चा विश्वचषक त्या पिढीने आणला. या वाटेत मूल घरीच राहतं, शाळा तीच राहते, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसरी वाट निवासी संस्थांची. घानातली राइट टू ड्रीम १९९९ मध्ये सुरू झाली. तिथे निवडलेल्या मुलांचं शिक्षण, राहणं आणि खेळ शिष्यवृत्तीवर चालतं. मोहम्मद कुदुस तिथून डेन्मार्कच्या नॉर्शेलांड क्लबात गेला आणि मग आयाक्समध्ये. सेनेगलच्या जेनेरासियों फूटचं फ्रान्सच्या मेत्स क्लबशी नातं आहे आणि सादिओ माने त्याच वाटेने युरोपात पोचला.

चौथी शाळा-कॉलेजची, आणि ती मुख्यतः अमेरिकेची. तिथे बहुतेक युवा क्लब भरमसाट फी घेतात आणि आशा असते ती विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची. गणित मात्र बघून ठेवा. कित्येक वर्षं तिथल्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला पुरुष संघासाठी जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या आणि महिला संघासाठी १४. पंचवीस-तीस जणांच्या चमूत त्या वाटल्या की एकेकाच्या वाट्याला तुकडाच यायचा. २०२५ मध्ये नियम बदलले आणि मर्यादा शिष्यवृत्त्यांऐवजी चमूच्या आकारावर आली, पण पैसे द्यायचे की नाही हे अजून विद्यापीठच ठरवतं. मेजर लीग सॉकर या तिथल्या व्यावसायिक लीगच्या क्लबांच्या अकादम्या बहुतांशी फी घेत नाहीत. एकाच देशात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतात.

पाचवी वाट आडवळणाची. पुढे मोठं नाव झालेला एन'गोलो कांते अठरा-एकोणीस वर्षांचा होईपर्यंत पॅरिसजवळच्या हौशी क्लबात खेळत होता. रियाद माहरेझही हौशी संघातून आला. या वाटेवर अकादमीचा शिक्का नसतो, फक्त दर आठवड्याला पूर्ण नव्वद मिनिटं खेळायला मिळतं. तेही काही थोडं नाही.

घरचा पैसा नेमका कुठे कुठे जातो?

फी आणि बूट सगळ्यांना दिसतात. न दिसणारा खर्च मोठा असतो. आठवड्यातून चार दिवस जाण्यायेण्याचा प्रवास, बाहेरगावच्या स्पर्धेत मुलासोबत एक मोठं माणूस, म्हणजे दोघांचं तिकीट, राहणं, जेवण, शिवाय त्या माणसाच्या बुडालेल्या कामाचे दिवस. दुखापत झाली तर तपासण्या आणि फिजिओ. धाकट्या भावंडाचा रविवार, तो तर कुणी हिशेबात धरतच नाही.

एक वर्ष वहीत सगळं लिहून काढा. माझ्या ओळखीच्या एका घराने तसं केलं, तेव्हा अकादमीच्या फीपेक्षा प्रवासाचा आकडा मोठा निघाला. त्यांनी लांबची नावाजलेली जागा सोडून घराजवळच्या कोचकडे मुलाला घातलं. वाचलेल्या वेळात मुलगा रोज तासभर झोपू लागला आणि तासभर भिंतीवर बॉल मारू लागला. सहा महिन्यांत त्याचा डावा पाय सुधारला.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी जवळचा चांगला कोच, मग मापाचे बूट, मग पोटभर सकस जेवण, मग दुखापतीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम. वैयक्तिक कोचिंग, ब्रँडेड कॅम्प, परदेशी स्पर्धेची सहल ही यादीच्या तळाला. परदेशातल्या सशुल्क स्पर्धेत स्काउट, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे, बघायला येतात असं सांगितलं जातं. मुलांना प्रवासाचा आनंद मिळतो हे खरं, पण संधी म्हणून त्यासाठी कर्ज काढू नका.

मग फी घेणारी अकादमी वाईटच का?

अजिबात नाही. कोचचं घर चालायला हवं, मैदानाचं भाडं भरावं लागतं. नियमित, स्पष्ट, पावती मिळणारी फी ही शिकवण्याची किंमत आहे. मला खटकतं ते शिकवण्याच्या किमतीत स्वप्नाची किंमत मिसळणं. "एलिट तुकडी", "स्काउट दाखवणी", "परदेशी क्लबशी संलग्न" अशा नावांनी एकेक जास्तीचा हप्ता चढत जातो.

प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा. एका कोचमागे मुलं किती? कोचचं लायसन्स कोणतं? गेल्या पाच वर्षांत इथून किती मुलं कुठल्या क्लबात गेली, आणि तिथे त्यांचा खर्च कुणी केला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावगावासकट मिळालं नाही, तर मोठ्या नावाच्या क्लबचा भिंतीवरचा लोगो बाजूला ठेवून निर्णय घ्या. मोठे क्लब आपलं नाव फ्रँचायझीला देतात. त्या शाळेत शिकणं म्हणजे त्या क्लबच्या अकादमीत असणं नव्हे.

आणि एक सराव संपूर्ण बघा, कडेला उभं राहून. घड्याळ लावून मोजा, तुमचं मूल रांगेत किती मिनिटं उभं आहे आणि बॉल त्याच्या पायाशी किती वेळ आहे.

खरा क्लब फुकट शिकवतो, यात त्याचा काय फायदा?

हे समजलं की अर्धी फसवणूक टळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमांत दोन तरतुदी आहेत. एक, प्रशिक्षणाची भरपाई. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार दुसऱ्या देशातल्या क्लबशी केला, किंवा ज्या वर्षी त्याला तेवीस पूर्ण होतात ते वर्ष संपण्याआधी तो एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की बारा ते एकवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना पैसे द्यावे लागतात. युरोपातल्या सर्वांत वरच्या गटातल्या क्लबसाठी हा खर्च वर्षाला ९०,००० युरो धरतात. बारा ते पंधरा या वयासाठी दर बराच कमी ठेवलेला आहे.

दोन, एकजुटीचा हिस्सा. करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशात विकला गेला, तर विक्रीच्या रकमेतले ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात वाढवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयासाठी वर्षाला ०.२५ टक्के, सोळा ते तेवीससाठी वर्षाला ०.५ टक्के. समजा, पुढे कधी तुमच्या मुलाची एक कोटी युरोला विक्री झाली. बाराव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत ज्या छोट्या क्लबने त्याला सांभाळलं, त्याला चार वर्षांचे मिळून १ टक्का, म्हणजे एक लाख युरो मिळतात. छोट्या क्लबसाठी ही रक्कम नवं मैदान देऊन जाते. हे पैसे नीट पोचावेत म्हणून फिफाने २०२२ मध्ये क्लिअरिंग हाउस सुरू केलं.

म्हणजे क्लब मुलावर खर्च करतो ती गुंतवणूक असते. मेस्सी तेरा वर्षांचा असताना २००० साली बार्सेलोनाला आला. त्याला वाढीच्या संप्रेरकाचे उपचार हवे होते आणि त्यांचा खर्च क्लबने उचलला. मुलगा हवा असेल तर क्लब असा वागतो.

यातून पालकांनी करायचं काम एवढंच: मूल बारा वर्षांचं झालं की कोणत्या हंगामात कोणत्या क्लबात त्याची अधिकृत नोंदणी होती, त्याचे कागद जपून ठेवा. नोंदणीच नसेल तर हिशेब लागत नाही.

परदेशी क्लबच्या ट्रायलचं पत्र आलं आहे. पैसे भरू का?

एक संध्याकाळ मी विसरलेलो नाही. सरावानंतर एका वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. वर युरोपातल्या क्लबचं चिन्ह, कडा अस्पष्ट, इंटरनेटवरून उचललेलं. खाली सही, पण नावापुढे पद नाही. "तुमच्या मुलाची निवड झाली आहे" असं लिहिलेलं, आणि मुलाच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. पैसे भरायचं खातं एका व्यक्तीच्या नावावर, तेही भलत्याच देशातलं. मुलाचा खेळ कुणी कधी पाहिला, याचा उल्लेख कुठेच नाही. वडील म्हणाले, "शुक्रवारपर्यंत भरायचेत." मुलगा शेजारी उभा राहून बुटाच्या नाडीशी खेळत होता. त्याने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आम्ही त्या क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरून पत्ता घेऊन मेल पाठवली. अशी कोणतीही ट्रायल नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. पैसे वाचले. त्या मुलाला मात्र वर्गात परत जाऊन सांगावं लागलं, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. अशी पत्रं पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, तो यासाठी.

ज्याला मूल हवं असतं तो क्लब आधी त्याचा खेळ बघतो, त्याच्या सध्याच्या क्लबशी लेखी बोलतो आणि ट्रायलसाठी फी घेत नाही. घाईची मुदत, व्यक्तीच्या नावाचं खातं, "जागा राखून ठेवण्यासाठी" आगाऊ रक्कम, यातलं एकही दिसलं तर थांबा.

अठरा वर्षांच्या आत परदेशी क्लबात जाता येतं का?

सर्वसाधारण नियम सरळ आहे: फिफाच्या नियमांच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली होत नाही. अपवाद थोडे आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, बदली युरोपीय संघाच्या हद्दीत होत असेल आणि मूल सोळा ते अठरा वयाचं असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील, असे.

हा नियम कागदावरचा नाही. तो मोडल्याबद्दल २०१४ मध्ये बार्सेलोनावर, २०१६ मध्ये रेआल माद्रिद आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदवर, २०१९ मध्ये चेल्सीवर खेळाडू घेण्याची बंदी आली. त्याची झळ मुलांना बसते. जपानचा ताकेफुसा कुबो दहाव्या वर्षी बार्सेलोनात गेला होता. चौकशीनंतर त्याला सामने खेळता येईनात आणि २०१५ मध्ये तो जपानला परतला. अठरा पूर्ण झाल्यावर तो पुन्हा स्पेनमध्ये आला, ही त्याची हिंमत. तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाला कुणी परदेशी करार देऊ करत असेल, तर कलम १९ चा कोणता अपवाद लागू होतो, एवढाच प्रश्न विचारा.

अठराखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसतो, हेही लक्षात असू द्या.

एजंट कधी घ्यावा?

बहुतेक पालक विचारतात त्यापेक्षा खूप उशिरा. फिफाच्या एजंटविषयक नियमांनुसार, त्या देशात पहिला व्यावसायिक करार करायचं जे वय असेल त्याच्या सहा महिने आधीपर्यंत एजंटाने अल्पवयीन खेळाडूशी संपर्क साधायचा नसतो, आणि त्यासाठीही पालकांची लेखी संमती आधी लागते. एजंटकडे फिफाचं लायसन्स लागतं, ते तपासता येतं. बारा वर्षांच्या मुलाला "आत्ताच सही करा, बूट मिळवून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

मुलगा लहानखुरा आहे, म्हणून निवडलाच जात नाही. काय करू?

त्याचा जन्म कोणत्या महिन्यातला आहे ते आधी बघा. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असेल, तर जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमधलं मूल एकाच गटात उभं राहतं. दहाव्या वर्षी हे अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त दिसतात. गुण बारा महिन्यांत सारखेच वाटलेले असतात, निवड मात्र वाढ बघून होते.

त्यात शरीर झपाट्याने वाढण्याचं वय वेगळं. मुलींमध्ये साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलांमध्ये तेरा-चौदाव्या वर्षी, आणि त्यातही दोन-दोन वर्षं मागेपुढे. म्हणून इंग्लंडमधल्या काही अकादम्या आता मुलांना अधूनमधून वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून खेळवतात.

आंत्वान ग्रिझमनला उंचीमुळे फ्रान्समधल्या एकापाठोपाठ एका क्लबने नाकारलं. तो चौदाव्या वर्षी सीमेपलीकडे रेआल सोसिएदादमध्ये गेला आणि २०१८ मध्ये फ्रान्ससाठी विश्वविजेता झाला. हॅरी केनला आर्सेनलने आठ-नऊ वर्षांचा असताना सोडलं होतं. हा मुलगा पुढे इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. अशी उदाहरणं मोजकी आहेत हे मान्य, पण तेरा वर्षांच्या मुलाची उंची म्हणजे त्याचा निकाल नव्हे, एवढं त्यातून कळतं. लहानखुऱ्या मुलाला त्या वर्षांत भरपूर सामने मिळतील असा क्लब शोधा. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा ते बरं.

आठवड्यात किती सराव करावा? दुखापतीचं काय?

एक सोपं माप मुलांचे क्रीडावैद्य सांगतात: आठवड्यातले आयोजित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास, शाळेचा संघ, क्लब, खासगी कोचिंग सगळं धरून. अनेक घरांत ही बेरीज कुणी करतच नाही, कारण प्रत्येक कोचला फक्त आपले तास दिसतात.

वाढीच्या वयात टाच दुखणं आणि गुडघ्याखालचं हाड दुखणं फार सामान्य आहे. हाडाच्या वाढणाऱ्या टोकावर स्नायूची ओढ बसते म्हणून ते होतं. मूल सरावानंतर चवड्यांवर चालताना दिसलं तर "आळस करतोय" म्हणू नका. काही आठवडे भार कमी केला तर बहुतेकांचं बरं होतं. दुखण्यावरची गोळी देऊन खेळवलं तर लांबतं.

फिफाचा इलेव्हन प्लस नावाचा वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे, फुकट आहे, साधन लागत नाही. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. तुमच्या कोचला तो करून घ्यायला सांगा.

मुलीसाठी वाट वेगळी आहे का?

काही बाबतींत. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांच्या संघात खेळायला मिळत असेल तर जरूर खेळू द्या. आयताना बोनमाती तशीच वाढली आणि पुढे तिने बॅलन डी'ओर जिंकला. मुलींच्या अकादम्या अजून कमी आहेत, त्यामुळे प्रवास जास्त पडतो आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. शेजारच्या दोन-तीन मुलींनी मिळून एकच गाडी केली, तर कितीतरी जणी खेळत राहतात. मी मुली खेळ सोडताना पाहिल्या आहेत त्या बहुतेक वेळा याच कारणाने, येण्याजाण्यामुळे.

गुडघ्याच्या आतल्या मुख्य अस्थिबंधाची (लिगामेंटची) दुखापत मुलींमध्ये मुलांच्या दोन-तीन पट दिसते. उडी मारून गुडघे आत न झुकवता खाली येणं शिकवावं लागतं. वर सांगितलेला वॉर्मअप त्यासाठीही आहे.

बूट किती महागाचे घ्यावेत?

मापाचे घ्या, बस. वाढत्या पायाला दोन नंबर मोठे बूट घेण्याची आपली सवय इथे नडते, पाय आत सरकतो आणि नखं काळी पडतात. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढी जागा पुरे. गवतासाठी लांब खिळ्यांचे आणि कृत्रिम मैदानासाठी आखूड, जास्त खिळ्यांचे. लांब खिळे कृत्रिम मैदानात अडकतात आणि गुडघा पिरगळतो. मोठ्या मुलांचे लहान झालेले बूट धाकट्यांना देण्याची पेटी आम्ही मैदानावर ठेवली आहे. तुमच्या क्लबातही ठेवा.

गोलकीपर व्हायचंय म्हणतो.

होऊ दे. बारापर्यंत मैदानातही खेळू दे, कारण आजच्या कीपरला पायानेही खेळावं लागतं. कीपर उशिरा पिकतात, घाई नको.

शाळा सोडून पूर्ण वेळ फुटबॉल?

नाही. व्यावसायिक संघात वर्षाला नव्या मुलांसाठी किती जागा होतात, ते मोजा. प्रीमियर लीगमध्ये क्लबला एकवीसवरच्या खेळाडूंची यादी २५ जणांची करता येते. अकादमीच्या एकेका वयोगटात पंधरा-वीस मुलं असतात. त्यातल्या एकाला जागा झाली तरी ते वर्ष चांगलं म्हणायचं. बाकीच्यांना सतरा-अठराव्या वर्षी हातात काहीतरी लागतं. म्हणूनच इंग्लंडच्या दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीत शिक्षण सक्तीचं आहे आणि जर्मन अकादम्या शाळांशी वेळापत्रक जुळवून घेतात. जी संस्था शाळेला अडथळा म्हणते, तिने मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विचार केलेला नसतो.

सतराव्या वर्षी अकादमीने नाव कमी केलं. मूल खोलीबाहेर येत नाही.

पहिले काही दिवस फुटबॉलबद्दल काही बोलू नका. "आम्ही तुझ्यासाठी किती खर्च केला" हे वाक्य तर कधीच उच्चारू नका. मी ते ऐकलेली मुलं पाहिली आहेत. त्यांना खेळापेक्षा त्या वाक्याचा त्रास जास्त काळ होतो.

मग क्लबकडून तीन गोष्टी मागून घ्या: सोडल्याचं लेखी पत्र, नोंदणीच्या हंगामांची प्रत आणि सामन्यांचे व्हिडिओ. खेळाडूने पुढे कशावर काम करावं हे कोचने समोर बसून सांगावं, असाही आग्रह धरा. चांगला कोच ते देतो.

त्यानंतर खालच्या विभागातला असा क्लब शोधा जिथे तो दर आठवड्याला खेळेल. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी लहान चणीचा म्हणून सोडलं. तो कारखान्यात काम करत खालच्या विभागात खेळला, २०१२ मध्ये पंचविसाव्या वर्षी लेस्टरला आला आणि २०१६ मध्ये लीग जिंकला. तुमच्या मुलाचं तसं होईल असं वचन मी देऊ शकत नाही. फुटसाल (पाच-पाच जणांचा बंदिस्त जागेतला फुटबॉल), विद्यापीठाचा संघ, पंचगिरीची परीक्षा, कोचिंगचं पहिलं लायसन्स, हेही दरवाजे उघडे असतात.

माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा असाच परत आला होता. दोन महिने मैदानाच्या कडेला यायचा आणि नुसता बसायचा. एका रविवारी दहा वर्षांखालच्या सामन्याला पंच आला नाही, तर मी त्याच्या हातात शिट्टी दिली. मध्यंतराला एक चिमुरडी त्याच्याकडे गेली आणि डाव्या पायाने बॉल कसा थांबवायचा म्हणून विचारू लागली. तो गुडघ्यावर बसला, तिच्या बुटाची सुटलेली नाडी आधी बांधली आणि मग दाखवायला लागला. आता तो आठवड्यातून तीन दिवस येतो आणि शनिवारी स्वतःच्या नव्या क्लबकडून खेळतो.